बाईंचा मागचा शॉक

तुम्ही कधी आपल्या बायकोला तिचं वजन विचारलं आहे का? नसेल, तर शहाणे आहात. विचारलं असेल, तर पुढे काय झालं ते मला सांगायची गरज नाही, माझ्या लक्षात आलं.

पक्कडरावांनी विचारलं नाही. त्यामुळेच ही गोष्ट घडली.

पक्कडराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क आहेत. पण घरातलं काहीही कुरकुरलं की ते पक्कड काढतात आणि म्हणतात, "त्यात काय आहे!" नळ, कपाटाची बिजागरी, शेजाऱ्यांच्या दाराची घंटा, सगळ्यांवर त्यांनी उपचार केले आहेत. (घंटा अजूनही अधूनमधून आपली आपण वाजते. शेजारी दार उघडतात, कुणी नसतं, आणि ते पक्कडरावांच्या दाराकडे बघत राहतात.)

त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवते. सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून आपणही बाईच म्हणू. चाळिशीनंतर डॉक्टरांनी बाईंना थोडा व्यायाम करायला सांगितलं. डॉक्टरांना वाटलं, बाई संध्याकाळी बागेत दोन फेऱ्या मारतील. बाई जाडजूड चाकांची सायकल घेऊन आल्या आणि गावामागच्या डोंगरावरून ती खाली सोडायला लागल्या. इतकी वर्षं उताराची व्याख्या फळ्यावर लिहिली, आता ती अंगाने समजून घेते आहे, असं त्या म्हणायच्या.

दरवर्षी त्या डोंगरावर उताराची शर्यत होते. बाई दरवर्षी दुसऱ्या येतात. पहिली येते ती दातांची डॉक्टरीण. शेवटच्या वळणाआधी मोठमोठे दगड आहेत. तिथे बाईंच्या सायकलचं मागचं चाक उड्या मारायला लागतं, बाई ब्रेक धरतात, आणि डॉक्टरीण "जरा बाजूला हं" म्हणत निघून जाते. दोष होता सायकलच्या मागच्या शॉकचा. शॉक म्हणजे सीटखालचा तो दांडा, जो धक्के पोटात घेतो. बाईंचा शॉक जुना झाला होता. धक्के पोटात घ्यायचं सोडून तो ते बाईंच्या कमरेकडे पाठवायचा.

पक्कडरावांचं दुःख वेगळंच होतं. दुसरा नंबर आला तरी बाईंच्या हातात माईक देतात. बाई मनाच्या मोठ्या. दुकानदाराचे आभार, पाणी देणाऱ्यांचे आभार, शाळेचे आभार. एका वर्षी तर शर्यतीच्या वाटेवरून वेळेत बाजूला झाल्याबद्दल एका कुत्र्याचेही आभार मानले. पक्कडराव पहिल्या रांगेत बाईंचं जाकीट धरून उभे असायचे. त्यांचं नाव काही यायचं नाही. कुत्र्यानंतर मात्र त्यांच्या मनाला लागलं.

म्हणून त्यांनी ठरवलं की या वर्षी शॉक बदलायचा. आपल्या खर्चाने, आपल्या हाताने, आणि बाईंना न सांगता. शनिवारी बाई शाळेत असताना बसवायचा, रविवारी शर्यत. मग बघू माईकवर कोणाचं नाव येतं ते.

त्यांनी सायकलच्या दुकानात फोन लावला.

"बाईंच्या सायकलला स्प्रिंगवाला शॉक हवाय. चांगल्यातला चांगला."

"देतो ना साहेब. बाईंचं वजन काय?"

"वजन कशाला? सायकलला हवाय, बाईंना नको."

"स्प्रिंग वजनावर असते साहेब. मऊ पडली तर शॉक तळाला आपटतो. कडक पडली तर माणूस उडतो. नक्की आकडा लागेल."

"त्यात काय आहे! कळवतो," असं म्हणून पक्कडरावांनी फोन ठेवला, आणि मग त्यांना घाम फुटला.

घरात वजनकाटा होता. पण एके दिवशी पक्कडराव स्वतः त्यावर उभे राहिले आणि काटा बिघडला आहे असं त्यांनी जाहीर केलं. मग त्यांनी तो दुरुस्त केला. तेव्हापासून तो माणसाचं, बादलीचं आणि गादीचं वजन एकच दाखवतो.

त्यांनी दुसरा मार्ग धरला. बाई वह्या तपासत बसल्या होत्या. पक्कडराव मागून गेले आणि "सहज हं" म्हणत त्यांनी बाईंना खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला. खुर्ची हलली नाही, पण पक्कडरावांच्या पाठीत काहीतरी हललं.

"अहो, काय चाललंय?" बाई तांबडं पेन रोखून म्हणाल्या.

"प्रेम," पक्कडराव कण्हत म्हणाले.

"मग जरा बाजूला होऊन करा. उजेड अडतोय."

शेवटी त्यांनी मेहुणीला फोन केला. बाईंची ही धाकटी बहीण चार गल्ल्या पलीकडे राहते आणि साड्यांना पिको-फॉल, कपड्यांची शिलाई वगैरे करते. मापं घेते म्हणजे तिला माहीत असणारच, असा त्यांचा हिशेब.

"धाकटे, खाजगी विचारतोय. तुझ्या ताईचं वजन किती?"

"का हो भावोजी?"

"कुणाला बोलू नकोस. तिला शॉक द्यायचाय."

पलीकडे शिलाईचं मशीन थांबलं. "काय द्यायचाय?"

"शॉक गं. शनिवारी. घरच्या घरी, मीच देणार."

"अहो, डॉक्टरांना विचारलंत का?"

"डॉक्टर कशाला मध्ये? दुकानदाराशी बोललोय. तो म्हणाला, जेवढं वजन जास्त तेवढा तगडा शॉक लागतो."

"पण ताईला झालंय काय?"

"तिला कुठे काय झालंय! गेली दोन-तीन वर्षं मागून उडते, बस. एकदा हा दिला की शांत होईल. आणि तिला आधी कळू देऊ नकोस हं, मजा जाईल."

धाकटीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भावोजींची पक्कड तिला चांगली ठाऊक होती. तिच्या चष्म्याची एक काडी त्या पक्कडीनेच गेली होती. पण धाकटी मोठी प्रसंगावधानी. वजन जास्त तर शॉक जास्त, म्हणजे वजन कमी सांगितलं तर शॉकही कमीच बसणार. तिने बाईंच्या लग्नातला आकडा आठवला, त्यातूनही थोडा कापला आणि सांगून टाकला.

(आकडा मी लिहीत नाही. बाई माझ्या ओळखीच्या आहेत.)

पक्कडरावांना आश्चर्य वाटलं. पण पाठ दुखत होती ती खुर्चीमुळे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शनिवारी दुपारी मागच्या अंगणात शॉक बसला. दोनच तर बोल्ट. एक पुढचा, एक मागचा. पक्कडरावांनी दुकानदाराने दिलेला पाना बाजूला ठेवला आणि पक्कड घेतली. बोल्टची डोकी जरा गोल झाली, पण बसली. शेवटी एक वॉशर उरला. "कंपनी एखादा जास्तीचा देतेच," असं म्हणून त्यांनी तो खिशात टाकला आणि लालभडक स्प्रिंगकडे ते कौतुकाने बघत उभे राहिले.

तेवढ्यात बाई शाळेतून आल्या, आणि त्यांच्या मागून धाकटी धापा टाकत.

"ताई! दिला का गं?"

"काय दिला?"

"शॉक! दुखतंय का कुठे? नीट उभी राहता येतंय ना?"

"कोणी दिला शॉक?"

"मीच," पक्कडराव पुढे येत अभिमानाने म्हणाले. "हा बघ."

बाईंनी सायकल पाहिली. धाकटीने सायकल पाहिली. मग धाकटी अंगणातल्या पायरीवर बसली आणि तिला हसू आवरेना. बाईंचे डोळे मात्र भरून आले. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याने काहीतरी न मोडता दिलं होतं.

"अहो, पण स्प्रिंग? ती वजनावर असते ना?"

"धाकटीकडून घेतलं तुझं वजन," पक्कडराव म्हणाले आणि त्यांनी आकडा सांगितला.

बाईंनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने आकाशाकडे पाहिलं. आणि बाई, मी खरं सांगते, एकदम ताठ उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर असं काही तेज आलं की पक्कडरावांना त्या लग्नातल्याच दिसायला लागल्या.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "साधारण तेवढंच."

मग त्या सायकलवर बसल्या आणि अंगणाच्या पायऱ्यांवरून खाली उतरल्या.

ठाक!

शॉक तळाला आपटला तो आवाज. पुन्हा वर नेली, पुन्हा उतरवली. ठाक!

"वॉशर!" पक्कडराव खिशातून तो काढत म्हणाले. "हाच राहिला असणार. त्यात काय आहे!" वॉशर बसला. बाई उतरल्या. ठाक!

स्प्रिंग मऊ आहे हे तिघांनाही कळलं होतं. पण स्प्रिंग मऊ म्हणायचं तर वजन जास्त म्हणावं लागणार होतं. आणि ते म्हणायला कोणाचं तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी शर्यत. त्या दगडांवरून ही सायकल गेली असती, तर बाई डॉक्टरिणीच्या मागे नाही, डॉक्टरिणीच्या खुर्चीत पोचल्या असत्या.

"दुकानात जाऊ," बाई शेवटी म्हणाल्या. "बोल्ट गोल झालेत, तेही बदलून घेऊ."

दुकानदाराने सीट दोन्ही हातांनी दाबली. "स्प्रिंग मऊ पडतेय. वजन चुकलंय का?"

"वजन बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे स्प्रिंग चुकली?"

"तीही बरोबर आहे."

दुकानदाराने डोकं खाजवलं. धाकटी भिंतीवर टांगलेले टायर मोजत असल्यासारखं करू लागली. मग बाईंनी पक्कडरावांकडे एक नजर टाकली. वर्गात शेवटच्या बाकाकडे टाकतात तशी.

"असं करा," त्या म्हणाल्या. "सायकल कधीकधी हेही चालवतात. यांच्या वजनाची स्प्रिंग घाला. मी काय, चालवून घेईन."

पक्कडराव त्या सायकलवर कधी बसले नव्हते. ती उभी असतानाही नाही. पण एवढा शॉक आणला, बसवला, आणि आता बायकोची लाज आपल्या हातात आहे, हे त्यांना उमगलं. त्यांनी छाती पुढे काढली.

"हो तर! मी पुष्कळदा नेतो."

"मग साहेब, तुमचं वजन?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. धाकटीसुद्धा टायर सोडून वळली. पक्कडरावांनी श्वास आत घेतला, पोटही जमेल तेवढं आत घेतलं, आणि त्या क्षणी पोट जेवढं दिसत होतं त्या मानाने एक आकडा सांगितला. दुकानदाराने एकदा त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं, पण तो धंद्यात मुरलेला माणूस. त्याने निळी स्प्रिंग काढली, बोल्ट नवे घातले, आणि पक्कडरावांची पक्कड दिसताच ती हळूच गल्ल्यामागे ठेवून दिली.

बाई सायकलवर बसून दुकानासमोरच्या उतारावरून जाऊन आल्या. आवाज नाही. फूटपाथवरून खाली उतरवली. आवाज नाही. सायकल मांजरासारखी उतरली.

"छान आहे," बाई एवढंच म्हणाल्या आणि कुणाकडेही न बघता हेल्मेट काढू लागल्या.

रविवारी डोंगरावर गर्दी होती. दगडांपाशी डॉक्टरीण मागून आली, "जरा बाजूला हं" म्हणाली. बाईंनी ब्रेकला बोटही लावलं नाही. मागचं चाक दगडाला चिकटून राहिलं. स्प्रिंग दबली, उघडली, दबली, उघडली, आणि बाई वळण घेऊन दिसेनाशा झाल्या. डॉक्टरीण अजून "हं" वरच होती.

बाई पहिल्या आल्या.

माईक हातात आला. पक्कडराव जाकीट धरून पहिल्या रांगेत. बाईंनी शाळेचे आभार मानले, दुकानदाराचे मानले. पक्कडराव कुत्र्याची वाट बघत होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या,

"आणि आज मी जिंकले ते माझ्या यजमानांमुळे. हा शॉक त्यांनी स्वतः आणला, स्वतः बसवला."

टाळ्या झाल्या. पक्कडरावांनी जाकीट डोळ्यांना लावलं.

"एवढंच नाही," बाई भारावून पुढे म्हणाल्या, "स्प्रिंगसुद्धा त्यांच्याच वजनाची आहे."

"वा!" सूत्रसंचालक म्हणाला. "किती वजन आहे साहेबांचं?"

आणि पक्कडरावांनी दुकानात सांगितलेला आकडा बाईंनी भोंग्यावरून सबंध डोंगराला ऐकवला.

टाळ्या थांबल्या. सगळी माणसं आधी पक्कडरावांच्या चेहऱ्याकडे बघत होती, ती जरा खाली बघायला लागली. पक्कडरावांनी जाकीट डोळ्यांवरून काढून पोटावर धरलं. त्या शांततेत डॉक्टरिणीचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"फक्त?"

घरी येताना गाडीत बाई खुशीत होत्या. पक्कडरावही खुशीतच होते. नाव आलं होतं ना माईकवर! "बघ," ते म्हणाले, "माझ्याच वजनाची स्प्रिंग तुला कशी नेमकी बसली. नवराबायकोचं असंच असतं."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. धाकटीने रुमाल तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेत गेल्यावर पक्कडराव मागच्या अंगणात जाऊन त्या सायकलवर बसले, पायऱ्यांवरून खाली उतरले, आणि ठाक असा आवाज झाला.