डोमाजी मास्तरांची ढोलावरची चित्रं

आमच्या गोंडपिपरीच्या शाळेत डोमाजी मास्तर चित्रकला शिकवत, पण त्यांनी रंगाला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. ते ढोल वाजवून चित्र काढत. म्हणजे ढोल मी वाजवायचा आणि चित्र नदीपलीकडे उमटायचं.

चांद्याच्या तारघरात त्यांनी तारेची कटकट ऐकली आणि तिथून त्यांचं डोकं फिरलं, असं गावाचं मत. मास्तरांचं मत वेगळं. "कट्‌कट् करून मरणाची बातमी जाते, तर गाय काऊन नाई जाणार? हाताले सुट्टी द्या, आवाजाले काम द्या!" हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत.

पद्धत सोपी होती. कागदावर वीस आडव्या, वीस उभ्या चौकटी. काळी चौकट आली की ढोलावर थाप. पांढरी आली की ढोलाच्या कडेवर काठीनं टक्. ओळ संपली की झांज. पलीकडे तसाच आखलेला कागद घेऊन बसायचं आणि ऐकून कोळशानं चौकटी भरायच्या. दर रविवारी सकाळी आम्ही नदीवर हजर.

मी तेव्हा सायक्लोस्टाइलवर पत्रकं छापून क्रांती करत होतो. बाजारात त्यांत भजी बांधली जात. अक्षर न येणाऱ्यांपर्यंत ढोल तरी पोचेल, या आशेनं मी मास्तरांचा ढोलकरी झालो.

"तुझ्या पत्रकात नुसती बोंब हाय, बाबू," ते म्हणायचे. "पांढरी चौकटच नाई. मानूस दम कुठी घेईल?"

पलीकडे चौकटी भरायची ती त्यांची एकुलती मुलगी, शेवंता. तिनं लालसू नावाच्या गोंड तरुणाशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हा "तुझ्या दारात पाय ठेवणार नाई," असं मास्तरांनी भर चौकात सांगितलं होतं. त्याला दोन वर्षं झाली. भेट नाही, पत्र नाही. आखलेला कागद नावाड्याच्या हाती पहिल्यांदा कोणी धाडला, हे बापही सांगत नसे आणि लेकही.

मी चिडायचो. जातपात मोडा म्हणून पत्रकं काढणारा मी, आणि ढोल बडवतोय कोणासाठी!

"मास्तर, सरळ पत्र लिहा ना तिला."

"पत्राले मायना लागते. तिथंच हात अडते. ढोलाले मायना लागत नाई."

शेवंतानं भरलेला कागद नावाडी सोमवारी आणून देई. मास्तर त्यावर लाल शाईनं चुका काढून परत पाठवत. एकदा ऐन गायीच्या वेळी वरात गेली, तिचे ढोल आमच्या ढोलात मिसळले आणि गायीला तीन शेपट्या आल्या. मास्तरांनी खाली शेरा मारला : "वरात वगळणे."

मग एका रविवारी आम्ही ढोल गळ्यात अडकवण्याआधीच पलीकडून थाप ऐकू आली. थाप, थाप, टक्, झांज.

"लालसू वाजवून राह्यला!" मास्तर वाळूत कागद पसरून त्यावर पालथे पडले. "टोक कर, पेन्सिलीले टोक कर!"

वरच्या ओळींतून छप्पर निघालं. मग भिंती. शेवटच्या ओळींत मधोमध मात्र नुसतं टक्‌टक्.

"चुकला बुवा! चांगल्या भिंतीले भोक पाडलं गड्यानं."

"मास्तर, ते दार आहे," मी म्हणालो. "उघडं."

ते कागदाकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"पोरगं ताल चांगला धरते," एवढंच म्हणाले आणि धोतर सावरत डोंग्याकडे निघाले.

मध्यावर पोचेपर्यंत ते डोंग्यात उभेच होते. "बसा ना भाऊ, उलटंन!" नावाडी ओरडत होता. मास्तरांनी मागं वळून मलाच हाक मारली.

"वाजव बाबू! सांग तिले, मी येऊन राह्यलो!"

"कोणतं चित्र वाजवू?"

"चित्र गेलं मसणात! तू वाजव!"

मी वाजवत सुटलो. चौकटी मोजल्या नाहीत. पलीकडच्या वाळूवरून शेवंता धावत येताना दिसली, तरी थांबलो नाही.