मास्तरांचं मोठं आतडं

मास्तरांनी वॉशिंग मशीनचा पाईप काढला तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं. (पाप करायला आधी विचार करावा लागतो.) चौथीच्या वर्गाला पचनसंस्था शिकवायची होती आणि तो पाठ पाहायला तपासणी अधिकारी यायचे होते. बावीस वर्षं मास्तरांनी हा धडा खडूवर भागवला होता. फळ्यावर जठर काढायला गेले की वांगं व्हायचं, आणि मुलं ते निमूटपणे वहीत उतरवून घ्यायची. या खेपेला मात्र मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, की काहीतरी हलतंडुलतं दाखवा. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय, हे ध्यानात असू द्या.

मास्तर पेटले. तोंडाच्या जागी नरसाळं आलं. जठर म्हणून बायकोची कंबर शेकायची रबरी पिशवी आली. लहान आतड्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून सहा मीटर पारदर्शक नळी आली. घोडं अडलं ते मोठ्या आतड्यापाशी. दोन दिवस घरभर शोधल्यावर मशीनमागचा करडा, वळ्यावळ्यांचा पाईप दिसला आणि मास्तरांना साक्षात आतडं भेटल्याचा आनंद झाला. तपासणीच्या दिवशी सकाळी, बायको अंघोळीला गेलीय असं पाहून, त्यांनी तो उपसला. तिला सांगावं असं वाटलं होतं. पण सांगितलं तर ती नाही म्हणणार, म्हणून नाही सांगितलं.

बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची, मास्तरांची बायको म्हणून. खरं तर शिक्षिकेचा अभ्यासक्रम तिने लग्नाआधीच पुरा केला होता, तोही प्रथम श्रेणीत. लग्नानंतर मास्तर म्हणाले होते, घरात एक शिक्षक पुरे. त्यावर ती काही बोलली नव्हती. सोळा वर्षं काही बोलली नव्हती, त्यामुळे विषय मिटला अशी मास्तरांची समजूत होती.

वर्गात सुरुवात झकास झाली. केळं आणि बिस्किटांचा लगदा नरसाळ्यातून जठरात उतरला. मुलांनी आळीपाळीने जठर चेपलं. लगदा लहान आतड्यात शिरला आणि तिसऱ्या वेटोळ्यात ठाण मांडून बसला. मास्तरांनी नळी झटकली, हलवली, उलटी धरली. शेवटी दात-ओठ खाऊन जठर दाबलं, तेव्हा सगळा ऐवज आल्या वाटेने परतला आणि मास्तरांच्या इस्त्रीच्या शर्टावर विसावला.

पुढच्या बाकावरच्या मुलीने शांतपणे विचारलं, "सर, ही उलटी का?"

"हो," मास्तर म्हणाले. (दुसरं काय म्हणणार?) "तीसुद्धा अभ्यासक्रमात आहे."

त्याच वेळी दारात बायको उभी राहिली. कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले, हातात एक निथळती फाईल. मशीन लावून ती गच्चीवर गेली होती. परतली तेव्हा स्वयंपाकघराचं तळं झालं होतं आणि पाणी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात पोचलं होतं. मशीनमागे पाईप नव्हता, आणि घरातून नाहीशी झालेली वस्तू कुठे सापडते हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

"पाईप द्या," ती म्हणाली.

"अगं, ते आतडं आहे. पाठ चालू आहे."

"कुठे चालू आहे? अडकलाय की."

मुलं खुदकन हसली. तिने नळीकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि फाईल टेबलावर ठेवली. मग पायजम्यात नाडी कशी ओवतात ते मुलांना विचारलं. मागून चिमटीत धरायचं आणि पुढे सरकवायचं. अन्ननलिका आणि आतडंही तेच करतात, म्हणून डोक्यावर उभं राहून खाल्लं तरी घास पोटातच जातो. एकेका मुलाने नळी चिमटीत धरली. लगदा हलला. तो बोटबोट पुढे जात होता तशी ती सांगत होती, की सत्त्व लहान आतड्यातून रक्तात कसं जातं आणि मोठं आतडं उरलेल्यातलं पाणी कसं शोषून घेतं. मुलं बाकांवर चढली होती. मास्तर बादली धरून कोपऱ्यात उभे होते.

अधिकारी केव्हा आले आणि मागे उभे राहून केव्हा गेले, हे मास्तरांनाच काय ते दिसलं. लगदा बादलीत पडला तेव्हा टाळ्यांनी वर्ग दणाणला. तिने पाईप सोडवला, फाईल उचलली आणि घरी गेली.

संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा दोरीवर चिमट्यांनी त्या फाईलमधला एक कागद लटकला होता. शाई पसरून तिचं नाव पुसलं गेलं होतं. 'प्रथम श्रेणी' तेवढं शाबूत होतं.

"त्याची नक्कल मागवू," मास्तर म्हणाले.

"मागवा," ती फरशी पुसता पुसता म्हणाली. "नोकरीचं वयही उलटून गेलंय. त्याची नक्कल मिळते का, तेही विचारा."

मास्तरांनी फडकं मागितलं. तिने दिलं नाही.

आठ दिवसांनी अहवाल आला. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यातली चूक कुणाला कळवली नव्हती. इतका चांगला शेरा शाळेला पहिल्यांदाच मिळत होता. मास्तरांना बोलावून त्यांनी कागद पुढे केला, आणि दुसरीकडे पाहत सांगितलं, की खाली वर्गशिक्षकाची सही लागते.

मास्तरांनी वाचलं. 'इयत्ता चौथी. पचनसंस्थेचा पाठ उत्कृष्ट. शिक्षिकेची विषयावरची पकड वाखाणण्याजोगी. मात्र पाठ चालू असताना एक गृहस्थ बादली घेऊन वर्गात विनाकारण उभे होते. असे प्रकार पुन्हा होऊ नयेत, याची वर्गशिक्षकाने दक्षता घ्यावी.'

मास्तरांनी सही केली.