दहाचा उणे सहावा घात

विधाते सरांना कुणी वय विचारलं की ते गंभीरपणे सांगत, "चार पॉइंट सात गुणिले दहाचा पहिला घात." विचारणारा परत विचारत नसे. एकदा आमच्या नव्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं आणि वहीत सरळ सत्तेचाळीस लिहून टाकलं. सर दिवसभर दुखावलेले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकहून देवळाली कॅम्पकडे जाताना रस्त्याला आमची शाळा लागायची. मी मराठी शिकवायचो, सर बीजगणित. म्हणजे पुस्तकात बाकीचे धडेही होते, पण सरांच्या लेखी बीजगणित घातांकापाशी सुरू होऊन घातांकापाशीच संपायचं. मुलं त्यांना 'घातकसर' म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि ते नाव त्यांना आवडत असावं, असा मला दाट संशय आहे.

बस वीस मिनिटं उशिरा आली, तर सर कंडक्टरला "एक पॉइंट दोन गुणिले दहाचा तिसरा घात सेकंद उशीर केलात" असं ऐकवायचे. कंडक्टर म्हणायचा, "काका, आत सरका." एका शिक्षकाच्या लग्नात आम्ही सगळे 'सुखी राहा' म्हणून मोकळे झालो. सरांनी नवरानवरीला थांबवून सांगितलं, "पाया एकच ठेवा. मग घातांकांची बेरीज आपोआप होते." नवरीने घाबरून त्यांना पुन्हा एकदा नमस्कार केला.

सरांचा खरा जीव होता तो उणे चिन्हावर. ते चिन्ह विसरलेल्याला क्षमा नव्हती.

यशोदा नावाची नववीतली मुलगी दोन मार्कांनी बीजगणितात नापास झाली, ती त्या चिन्हापायीच. हरसूलकडची डोंगरातली पोर, मुलींच्या वसतिगृहात राहायची. पेपरातल्या प्रश्नाचं उत्तर होतं, जंतूची लांबी दोन गुणिले दहाचा उणे सहावा घात मीटर. तिने उणे गाळलं. निकालाच्या दिवशी तिचे वडील, बुधाभाऊ, टोपी हातात धरून शिक्षकांच्या खोलीत आले.

"सर, दोनच तर मार्क. नापास झाली तर तिची आजी लगीन लावायचं म्हणती."

"भाऊ, तिचा जंतू दोन हजार किलोमीटर लांब झालाय," सर म्हणाले. "शेपटी नाशकात, तोंड काश्मीरच्या पलीकडे. याला मार्क कसे देऊ?"

बुधाभाऊंना काहीच कळलं नाही. मला कळलं आणि भयंकर राग आला. मी सरांशी बोलणं सोडलं. जूनमध्ये यशोदा फेरपरीक्षा देऊन पास झाली, चांगले मार्क मिळवून दहावीत गेली. माझा राग तरी गेला नाही.

सप्टेंबरात एका रविवारी मी हरसूलच्या एसटीत बसलो. माझी बहीण तिथे नर्स होती. शेजारी येऊन बसले विधाते सर, मांडीवर पिशवी.

"तुम्ही कुठे?" अबोला मोडावाच लागला.

"यशोदाच्या घरी." सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "मे महिन्यापासून दर रविवारी जातो. फेरपरीक्षेसाठी शिकवायला. शाळेत कुणाला बोललो नाही."

मार्क न देणारा हा माणूस उन्हाळाभर डोंगर चढून शिकवायला जात होता. आता दहावीचं शिकवत असतील, रविवारची सुटी म्हणून यशोदा घरी आली असेल, तिला भेटावं, असं म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो.

घरी गेल्यावर सर ओसरीत बुधाभाऊंजवळ बसले. मी मागे हात धुवायला गेलो. यशोदाची आई पाणी ओतत होती.

"यशोदा दिसत नाही?"

"ती नाय ना इथं. शाळा उघडली तवाच गेली बोर्डिंगात."

"मग सर शिकवतात कुणाला?"

बाईंनी ओसरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणाला नाय. येत्यात, बसत्यात, जेवत्यात. घरी कोणी नाय म्हणं त्यांच्या. आम्ही कशाला इचारायचं?"

मी ओसरीत आलो. बुधाभाऊ दोर वळत होते, दुसरं टोक सरांच्या हातात. "सर, ढिला सोडला तुम्ही. नीट धरा," बुधाभाऊ म्हणाले. आणि वर्गात कुणाची चूक खपवून न घेणारे सर चटकन म्हणाले, "हो हो, चुकलं माझं."

मी निघालो तेव्हा सरांनी मान वर केली. मी मागे काय ऐकलं, ते त्यांना कळलं होतं.

"शाळेत सांगाल?"

"काय सांगायचंय त्यात?" मी म्हणालो. "शिकवणीला येता तुम्ही."

सरांनी मान हलवली आणि दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.