तीस आणि नव्वदची सरासरी

"यापरीस बैलगाडी बरी; निदान बैलाची शेपटी तरी पिळता येती," आशाबाई पदराआड पुटपुटल्या.

नवी कोरी गाडी पिशोरहून तीसच्या वेगानं निघाली होती. चालवत होता पुतण्या बन्सी आणि आज साखरपुडाही त्याचाच. शेजारी त्याचे काका तात्यासाहेब, बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर. नव्या इंजिनाला निम्मी वाट तीसच्या वर ताणायचं नाही, हे त्यांचं फर्मान.

संभाजीनगर साठ किलोमीटर. अकराला निघाले, मुहूर्त बाराचा. मुलीचे मामा आप्पासाहेब वैजापूरहून येणार होते. ते तात्यांचेच जुने विद्यार्थी, तरी त्यांनी बजावलं होतं, "सर, तुमचा मान येगळा. पण बारा टळले, तर सोयरीक मोडली."

"सरासरी साठ किंवा साठहून जास्त पायजे," तात्यांनी निघतानाच कागदावर मांडलं होतं. "निम्मं तीसनं, निम्मं नव्वदनं. बेरीज एकशेवीस, भागिले दोन, साठ. आटपलं!"

बन्सीनं आरशातून काकूकडं पाहिलं. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. तात्यांचं गणित चुकलं असं म्हणायची पिशोरात पद्धतच नव्हती. निम्मं गाव त्यांच्या छडीखालून गेलेलं.

आशाबाईंची शाळा चौथीत सुटली होती. पण ओसरीवर शिकवण्या चालायच्या, तेव्हा भाकरी थापता थापता 'याहून जास्त, त्याहून कमी'च्या असमानता त्यांच्या कानावर पडून पाठ झाल्या होत्या. सगळा वेळ एका तासाहून जास्त नको. म्हणजे राहिलेल्या वाटेला, पहिल्या निम्म्या वाटेचा वेळ वजा करून उरेल, त्याहून जास्त नको. तीस किलोमीटर तीसनं, म्हणजे अख्खा तास; त्यांनी बोटांवर वजाबाकी केली. उरलं शून्य. नव्वद काय, विमानानंही जमायचं नव्हतं!

निम्मी वाट सरली. गाडीच्या घड्याळात बरोबर बारा.

"हाण आता नव्वदनं!"

"तात्या, पण हे घड्याळ..."

"पुढं असंल ते."

फोन वाजला. आप्पासाहेब! बन्सी पांढराफटक पडला.

"सर, कुठं आलात?"

"निम्म्यात. नव्वदनं येतोय."

पलीकडचा आवाज बारीक झाला. "सर, मी बी निम्म्यातच हाय. कांद्याच्या ट्रॅक्टरांमागं तीसनंच आलो. म्हटलं, सरांनी शिकवल्यागत राहिलेलं नव्वदनं काढू. पण बारा तर हितंच वाजले! घड्याळ बिघडलं का वो माझं?"

तात्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. बन्सीनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हसत होता की रडत, कळेना.

"अहो," आशाबाई म्हणाल्या, "घड्याळ नाय बिघडलं. बत्तीस वर्षं तुमचं गणित चुकतंय."