मागच्या खोलीतला फ्रान्स

कुलपांच्या कारखान्यातल्या तपासनिसाला फ्रान्समधल्या एका शहरात तीन वर्षांसाठी जायला विचारलं, तेव्हा त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "नमुना बघितल्याशिवाय मी कशालाच होकार देत नाही," असं त्याने साहेबांना सुनावलं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि विचार करायला आठवडाभराची रजा दिली.

हा माणूस म्हणजे एक प्रस्थच होतं. खोक्यातून एक कुलूप काढायचं, ते पाण्यात बुडवायचं, उन्हात ठेवायचं, किल्ली फिरवफिरव फिरवायची आणि मग शिक्का मारायचा, हे त्याचं काम. कारखान्यात ते ठीकच होतं, पण त्याने ते घरीही आणलं होतं. नवा मिक्सर घ्यायचा म्हणून त्याने शेजारपाजारचे मिक्सर मागून आणून तपासले, आणि शेवटी एकही घेतला नाही. स्वयंपाकघरातला गळका नळ कित्येक महिने 'निरीक्षणाखाली' ठिबकत होता. लग्न तेवढं आपण नमुना न बघता केलं, असा विनोद तो पाहुण्यांसमोर नेहमी करायचा. त्याला हसणारा तो एकटाच असे.

"मग आता फ्रान्सचा नमुना आणणार कुठून?" बायकोने विचारलं.

"मागच्या खोलीत."

"काय?"

"हे बघ, तिकडे काय असणार? थंडी, परकी भाषा, ओळखीचं कुणी नाही, हाताने रांधायचं, हाताने धुवायचं. हे सगळं मागच्या खोलीत करून बघायचं. आठवडाभर मी तिकडे, तुम्ही इकडे. जेवायला बोलवायचं नाही, हाक मारायची नाही. कुणीही विचारलं तरी फ्रान्सला गेलेत म्हणून सांगायचं."

"कुणीही म्हणजे कोण रे?" आईने विचारलं. तिला सगळं नीट समजून घ्यायची सवय होती.

"कुणीही म्हणजे कुणीही! नमुना अर्धवट चालत नाही."

खरं सांगायचं तर त्याला जायचंच नव्हतं. पण 'नको' हा शब्द आपल्या तोंडून कशाला जायला हवा? दोन दिवसांत घर रडकुंडीला येईल, बायको दार ठोठावेल, 'अहो, तुमच्याशिवाय नाही हो चालत' म्हणेल, आणि मग आपण मोठ्या मनाने फ्रान्सवर पाणी सोडू, असा त्याचा बेत होता.

रविवारी सकाळी तो बॅग घेऊन पुढच्या दाराने निघाला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला तेवढं निमित्त पुरायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, येताना चॉकलेट आणा." बायको म्हणाली, "जाताच आहात तर कचरा तेवढा खाली न्या." कचरा टाकून, इमारतीला वळसा घालून, मागच्या जिन्याने तपासनीस फ्रान्सला पोचला.

तिथे त्याने एसी पार खाली नेला, स्वेटर घातला, कानटोपी चढवली आणि कोरडा पाव आणि चीज खात फ्रेंच बातम्या लावून बसला. एक अक्षर कळत नव्हतं, पण मान हलवत होता. मोबाइल दिवसभर बंद ठेवायचा आणि संध्याकाळी घरी एकच फोन करायचा, असा नियम होता.

"कशी आहेस?" त्याने पहिल्या संध्याकाळी विचारलं. बायकोचा आवाज त्याला फोनच्या आधी भिंतीतून ऐकू आला.

"बरी आहे. तुम्ही?"

"थंडी फार आहे इकडे."

"मग मोजे घाला. ठेवते हं, भाजी करपतेय."

दुसऱ्या दिवशी तिने "सगळं छान आहे" एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी आईने फोन घेतला आणि "ती मैत्रिणींकडे गेलीय" म्हणाली. दार काही कुणी ठोठावलं नाही. उलट भिंतीपलीकडून भलतेच आवाज येऊ लागले. बायकोचा भाऊ पाना घेऊन आला आणि बोलता बोलता नळ दुरुस्त झाला. "दाजी इथे असते ना, तर अजून वर्षभर निरीक्षणच चाललं असतं!" तो म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. त्यात आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तपासनिसाला ते लागलं. सख्खी आई!

मग नवा मिक्सर घुरघुरला. सोफा सरकल्याचा आवाज आला. मुलगी मोठ्यांदा गाणं म्हणत होती. ती गाते हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. शिंक आली तरी तो उशीत तोंड खुपसून शिंकायचा, कारण फ्रान्समधली शिंक घरात ऐकू येऊन कसं चालेल?

शुक्रवारी दुपारी घरचा फोन वाजला. आईने उचलला.

"कोण? साहेब का? नमस्कार, नमस्कार. तो होय? तो फ्रान्सला गेलाय."

तपासनीस ताडकन उठून दाराशी आला. कडीवर हात गेला आणि तिथेच थांबला. बाहेर पडावं तर नमुना मोडतो, न पडावं तर घात होतो. त्याने भिंतीवर धपाधप बुक्क्या मारल्या.

"ते होय? शेजारी काहीतरी ठोकाठोक चाललीय," आई फोनवर म्हणाली. "हो, रविवारीच गेला. थंडी फार आहे म्हणतो. पण रमलाय हो!"

आता मात्र त्याने दार उघडलं आणि कानटोपीसकट बाहेर आला. पण तोवर आईने फोन ठेवला होता.

"आई! साहेबांना कशाला सांगितलंस?"

"तूच म्हणालास ना, कुणीही म्हणजे कुणीही?" आई म्हणाली. "केवढे खूश झाले ते! म्हणाले, हुकूम निघायच्या आत स्वतःहून जाऊन पोचला, असा माणूस बघितला नाही. आजच पक्कं करतो म्हणाले. तुझं इथलं टेबलही त्या नव्या पोरीला देऊन टाकलं म्हणे."

तपासनीस मटकन बसायला गेला आणि पडता पडता वाचला. सोफा तिथे नव्हताच. आता साहेबांना खरं सांगायचं, तर रजा घेऊन आपण मागच्या खोलीत कानटोपी घालून पाव खात बसलो होतो हे सांगायला हवं. कारखाना जन्मभर हसला असता. त्याने बायकोकडे पाहिलं. आठवडाभर ज्या शब्दांची वाट पाहिली, ते शेवटी त्यालाच काढावे लागले.

"अगं, तू तरी म्हण ना, जाऊ नका म्हणून. तू अडवलंस असं सांगतो साहेबांना."

बायको नव्या मिक्सरचं भांडं पुसत होती. तिने ते जागेवर ठेवलं आणि शांतपणे त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या नमुन्याचं काय झालं मला माहीत नाही," ती म्हणाली. "आमचा पास झाला."

त्याने सवयीने स्वयंपाकघराकडे कान लावला. नळही ठिबकत नव्हता. मुलीने त्याची बॅग मागच्या खोलीतून उचलून पुढच्या दाराशी आणून ठेवली, आणि आईच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. त्याला जरा बरं वाटलं. तेवढ्यात बायकोने स्वयंपाकघरातून कचऱ्याची पिशवी आणून बॅगेशेजारी ठेवली.