येलेवो गंज निवारण समितीची कामगिरी

माणूस गंजतो. ही गोष्ट शास्त्राला अलीकडे कळली. आमच्या येलेवो गावाला ती आधीपासून जाणवत होती, फक्त तिचं नाव ठाऊक नव्हतं. श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायू माणसाला जगवतो, आणि जगवता जगवता आतून खातो. (सासवांबद्दलही असं बोललं जातं, पण त्यावर अजून पुरेसं संशोधन नाही.) या खाण्यात मुक्त मूलक नावाचे कण तयार होतात. ते एकटे आणि बेचैन असतात, आणि भेटेल त्याच्याकडून काहीतरी हिसकावून घेतात. त्यांना शांत करणारे जे शहाणे कण, ते अँटिऑक्सिडंट. आणि हे शहाणे कण सगळ्यात जास्त कशात असतात, हे गावाला ज्याने सांगितलं तो आमचा कूम, रादिसाव.

कूम म्हणजे कोण ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. लग्नात साक्षीला उभा राहतो, मूल झालं की नाव ठेवतो, पहिल्या वाढदिवसाला त्याचं जावळ कापतो, तो कूम. तो रक्ताचा नसतो, त्यामुळे रक्ताच्या नातेवाइकांसारखं त्याच्याशी भांडता येत नाही. वर देव, खाली कूम, असं आमच्याकडे म्हणतात. त्यातल्या देवाला निदान उपासाच्या दिवशी दार लावून फसवता येतं.

रादिसावने एकतीस वर्षं रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात गंजविरोधी विभागात काढली. कोऱ्या पत्र्यावर लाल रंगाचा पहिला हात त्याचा. निवृत्त झाल्यावर तो शेतकी प्रदर्शनात एक नांगर बघायला म्हणून गेला, आणि परत आला तो अरोनियाची बाराशे रोपं आणि एक चकचकीत घडीपत्रक घेऊन. अरोनिया हे वाटाण्याएवढं काळंभोर फळ. त्याचा रस प्यायला की जीभ टाळूला चिकटते आणि माणसाला काही काळ तक्रार करता येत नाही. गावात या रसाचं इतकं चांगलं नाव का झालं, याचं हे एक कारण असावं.

तिसऱ्या वर्षी झाडं लगडली आणि अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये येलेवो गंज निवारण समिती स्थापन झाली. अध्यक्ष रादिसाव. उपाध्यक्ष पोस्टमन, कारण तो सगळ्या घरी जातो. मातृ-उपसमितीची सचिव मी. मी भूगोलाची पदवीधर आहे, पण पदवी कशातली असं गावात कोणी विचारत नाही.

मला नकोही म्हणवलं नाही, कारण मी मुळातच काळजी करणारी बाई. माझी मुलगी इस्क्रा जन्मली तेव्हापासून मी तिचे श्वास मोजत आले. आणि आता कळलं की पोर दर श्वासाला गंजते आहे.

समितीचं काम शिस्तीचं होतं. आधी घरोघरी गंजपत्रक भरून घेतलं. त्यात चौदा प्रश्न होते: जिना चढताना धाप लागते का, चष्मा कुठे ठेवला ते विसरता का, सोमवारी कामावर जावंसं वाटत नाही का, शेजाऱ्याची गाडी पाहून छातीत काही होतं का, वगैरे. तीन प्रश्नांना 'हो' म्हणजे गंज, पहिला थर. गावातल्या तीनशे बारा घरांत गंजाचं प्रमाण शंभर टक्के निघालं. (एक माणूस गंजलेला नाही असं आधी वाटलं होतं. तो त्या आठवड्यात व्हिएन्नाला कामावर होता.)

मग उपाय. रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे रस, दहा सेकंद तोंडात घोळवून मग गिळायचा. हे वाक्य माझं. समितीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, फुलांच्या चौकटीत.

पाहुण्याला दारातच चमचाभर मुरांबा आणि पेलाभर पाणी देण्याची आमची शेकडो वर्षांची रीत. ती ठराव क्रमांक सहाने रद्द झाली आणि तिच्या जागी रस आला. पाहुणे कमी झाले, पण जे आले ते लवकर उठले, हा एक वेगळाच आरोग्यलाभ. तंबाखूबाबत समितीने धुराने भरलेल्या हॉलमध्ये दोन तास चर्चा केली आणि एकमताने ठरवलं की सिगारेटने गंज चढतो, रसाने उतरतो, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्याने रस सोडू नये. आलुबुखाराच्या दारूत अरोनियाची फळं बुडवून ठेवली तर ती दारू राहत नाही हेही त्याच बैठकीत स्पष्ट झालं. त्यानंतर हॉलमधल्या उपस्थितीचा प्रश्न कधी उद्भवला नाही.

वर्षअखेरचा अहवाल मीच लिहिला. चौऱ्याण्णव टक्के लोकांना बरं वाटलं. चार टक्के होते तसेच राहिले, म्हणजे रस नसता तर बिघडले असते. उरलेले दोन टक्के वारले. (त्यांची पत्रकं अपुरी भरलेली होती.)

इथवर सगळं यथास्थित होतं.

मार्चमध्ये बालवाडीच्या तपासणीत इस्क्राच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा शहाण्णव आला. तो लिटरमागे एकशे दहा ग्रॅमच्या वर हवा. ती चार वर्षांची, आधीच खाण्यात खोडकर, मांस दिसलं की ताटाखाली लपवणारी. दवाखान्यातल्या डॉक्टर स्लावित्साने लोहाचं औषध दिलं आणि रोज एक चमचा द्यायला सांगितलं. बाटली घेऊन मी घरी आले तर ओट्यापाशी माझी सासू रुझा आणि कूम रादिसाव कॉफी घेत बसलेले. रादिसावने बाटली उजेडात धरली, चष्मा वर केला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांची नोकरी उतरून आली.

"हे लोखंड आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो.

"उघडं लोखंड. आणि हे तू पोरीच्या पोटात सोडणार? तिथं ओल आहे, ऊब आहे, हवा आहे. बिनरंगाचा पत्रा पावसात ठेवतं का कोणी, दुन्या?"

या युक्तिवादात चूक काढणं भूगोलाच्या पदवीधराला शक्य नव्हतं. सासूबाईंनी लगेच तीन बोटांनी छातीवर क्रूस काढला. माझा नवरा ओग्न्येन घरात मत द्यायची वेळ आली की दुरुस्तीच्या निमित्ताने गाडीखाली जातो, तो गेला. ठरलं असं की लोहाच्या प्रत्येक चमच्याआधी दोन चमचे रस, म्हणजे अस्तर, आणि नंतर दोन चमचे रस, म्हणजे वरचा हात. जेवणातही रस, कारण मांसातही लोखंड असतं. ही पद्धत मला इतकी पटली की मी ती पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातली, 'बालकांसाठी विशेष सूचना' या मथळ्याखाली. सात आयांनी माझे आभार मानले.

जूनमध्ये आकडा एक्याण्णव आला. यावरून प्रादुर्भाव किती खोल आहे हे समितीच्या लक्षात आलं आणि रसाचं प्रमाण दुप्पट झालं.

मला नोंदी ठेवायची सवय आहे. बालवाडीला जायला आमच्या गल्लीतून बावीस पायऱ्या चढाव्या लागतात. मार्चमध्ये इस्क्रा सतराव्या पायरीवर बसायची. जूनमध्ये अकराव्या. "आई, पायरी मोठी झालीय," असं म्हणायची. मी पायरी मोजली, ती तेवढीच होती. पुढे ती बर्फाचे खडे चघळायला लागली, आणि एकदा पलंगामागच्या भिंतीचा चुना चाटताना सापडली. मी घाबरून रादिसावला विचारलं. तो खूश झाला. चुना मागतेय म्हणजे आतून रंगरंगोटी सुरू झाली, असं त्याचं निदान. मी तेही वहीत लिहून घेतलं. अक्षर जरा वाकडं आलं.

डिसेंबरात ती सहाव्या पायरीवर बसली आणि उठलीच नाही. मी तिला उचलून तशीच दवाखान्यात नेलं. आकडा चौऱ्याऐंशी.

डॉक्टर स्लावित्साने तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"औषध देतेस ना?"

"एकही दिवस चुकवला नाही."

"कशाबरोबर?"

मी अस्तर आणि वरचा हात समजावून सांगितला. पर्समधून पत्रकही काढून दिलं. तिने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. मधे एकदा तिने पेन खाली ठेवलं.

"अगं, या रसातला जो काळा तुरटपणा आहे ना, तो लोहाला धरून बसतो. आत शोषू देत नाही. आलं तसं बाहेर. तू नऊ महिने एका हाताने भरते आहेस आणि दुसऱ्या हाताने काढून घेते आहेस." मग ती इस्क्राच्या बुटाची नाडी बांधायला वाकली आणि खालूनच म्हणाली, "गंजायला आधी अंगात लोखंड लागतं, दुन्या. हिच्यात काय गंजणार?"

औषध रिकाम्या पोटी, संत्र्याच्या रसाबरोबर. अरोनिया पूर्ण बंद, जेवणातही. मी उठले तेव्हा तिने पत्रक परत दिलं.

"कोणी लिहिलंय? भाषा चांगली आहे."

"समितीने," मी म्हटलं.

आता खरी अडचण पुढे होती. औषध बदलणं सोपं होतं, पण कूमच्या हातचं नाकारायचं कसं? आठवड्याने आमच्या घरच्या संताचा, संत निकोलाचा दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे बोलवावं लागत नाही, लोक येतात. आणि मेजाच्या टोकाशी, मानाच्या जागी कूम बसतो. त्या आठवड्यात मी सासूबाईंपासून लपवून संत्री पिळली, आणि अरोनिया पाजल्याची खूण रोज समितीच्या तक्त्यावर केली. सचिवाला एवढं जमतं.

मेणबत्ती लागली, गोल पाव फिरवून मोडला, मासा आला. मेजाभोवती तेवीस माणसं. समिती जवळजवळ पूर्ण हजर. रादिसाव उठला, काळा पेला भरला, इस्क्राला मांडीवर घेतलं आणि माझ्या पत्रकातलं वाक्य पाठ म्हणून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या. पेला तिच्या ओठांपाशी गेला. तिने तोंड उघडलं. फार समजूतदार मूल आहे.

"नको, कूम," मी म्हटलं.

काटे थांबले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "सूनबाई, घरच्या संताच्या दिवशी तरी नको गं." ओग्न्येनने खिडकीतून गाडीकडे पाहिलं, पण बाहेर बर्फ होतं.

रादिसाव मोठ्याने बोलला नाही. मोठ्याने बोलला असता तर बरं झालं असतं. "माझ्या हातचं नको म्हणतेस? हिचं जावळ या हातांनी कापलंय मी."

"हो," मी म्हटलं. "तुम्हीच हात फिरवून बघा, त्यातलं किती राहिलंय ते."

त्याने हात फिरवला. बोटांत चार-पाच केस आले. तो ते बराच वेळ बघत राहिला. मग डॉक्टरने केलं तसंच, पण जाड अंगठ्याने, त्याने तिची खालची पापणी ओढली. एकतीस वर्षं पत्रे तपासलेला माणूस. कोरा पत्रा कसा दिसतो हे त्याला सांगावं लागत नाही.

"कोण म्हणालं?" त्याने विचारलं.

मी डॉक्टरचं वाक्य सांगितलं. गंजायला आधी लोखंड लागतं, ते.

मग पेला त्याने स्वतः रिकामा केला, मिशी पुसली, इस्क्राला माझ्याकडे दिलं आणि माशाचा मधला तुकडा काटे काढून तिच्या ताटात ठेवला. त्याला माफी मागता येत नाही. कूमला तशी तरतूदच नाही.

दुसऱ्याच दिवशी समितीची तातडीची बैठक झाली आणि ठराव क्रमांक एकोणीस मंजूर झाला: 'सात वर्षांखालील बालकांत गंजण्याइतकं लोखंड साठलेलं नसल्याने, ते साठेपर्यंत त्यांना गंजातून सूट देण्यात येत आहे.' मसुदा माझा. वार्षिक अहवालात इस्क्राचं प्रकरण समितीचं यश म्हणून नोंदलं आहे, कारण जो रस बंद केल्याने एवढा फरक पडतो तो किती प्रभावी असला पाहिजे.

मार्चमध्ये ती बावीसही पायऱ्या चढली, आणि वरून मलाच म्हणाली, "चल ना, काय बसलीस?" मी सहाव्या पायरीवर बसले होते. त्या सात आयांच्या घरी मी त्याआधीच एकेक करून जाऊन आले. पाच जणींनी ऐकून घेतलं. दोघींनी विचारलं की मग लोहासाठी समिती आता काय सुचवते. सध्या उकडलेल्या खाजकुयलीच्या पानांवर विचार चालू आहे. पत्रक माझ्याचकडे आलं आहे. मी अजून लिहिलेलं नाही. चौकट तेवढी आखली आहे.

ही हकिकत मी आजवर बऱ्याच लोकांना सांगितली. सगळे शिकलेले, सगळे माझ्यासारखे हसले, आणि जाताना दारात थांबून जवळजवळ प्रत्येकाने विचारलं की हा रस मोठ्यांना चालत असेल ना, आणि मिळतो कुठे. तुम्ही विचारणार नाही. तुम्हाला विचारायची गरज नाही. कधी घ्यायचा आणि किती चमचे, ते तुमच्या लक्षात आहे.

आता मागे न बघता सांगा, जूनमध्ये माझ्या मुलीचा आकडा किती होता?