एकूण मृत : शून्य

“एवढी हळद तर नवरदेवालाबी लावत नाय,” धोंडाबाई माझ्या मोरीत बसून पुटपुटली.

सदर तक्रार माझ्याकडे केलेली नव्हती. ती आमच्या ह्यांच्या सदऱ्याला उद्देशून होती आणि सदऱ्याने कसलाही खुलासा केला नाही. खिशाच्या बरोबर खाली रुपयाएवढा पिवळा डाग होता. धोंडाबाईने त्याला साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पण आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळात एकही बाई नव्हती.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. इंदिरानगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. आमच्या ‘सद्भाव’ सहकारी गृहनिर्माण संस्थेत ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन इमारती, एक टाकी आणि पाणी सोडायची एक चावी. पाणी सकाळी पाऊण तास येई. आधी ‘अ’ला सोडलं की ‘ब’च्या नळातून नुसता वारा वाहे, आधी ‘ब’ला सोडलं की ‘अ’च्या. पहिली पाळी कोणाची, यावर अकरा सभा झाल्या. दिवसाआड पाळी घ्यावी, ही सूचना एकाही सभेत कोणी मांडली नाही. मांडली असती तर ती मान्य करावी लागली असती.

बाराव्या सभेत आमचे हे, म्हणजे ‘ब’मधले गंगाधरराव, उभे राहिले. दाढी करून घेताना सलूनमधल्या जुन्या इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं की परदेशात मोठी मोठी माणसं सुट्टीच्या दिवशी हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या बंदुका घेऊन झाडीत लढतात, गोळी लागेल तो बाद होतो आणि संध्याकाळी सगळे एकत्र चहा पितात. पाण्याचा प्रश्न याच मार्गाने सोडवावा, जिंकेल त्या इमारतीची पहिली पाळी, असा ठराव त्यांनी मांडला. सेक्रेटरी वेणीमाधवराव ‘अ’मधले, निवृत्त हेडक्लार्क. ठरावाला नंबर देता येतोय म्हटल्यावर त्यांनीही विरोध केला नाही.

मग पंधरा दिवस संस्थेत जो उद्योग चालला, तसा टाकी बांधतानाही चालला नव्हता. आमच्या खिडकीचा पडद्याचा दांडा एका सकाळी नळी झाला. मोडक्या पाटाची फळी दस्ता झाली. सायकलचा पंप नळीला जोडला गेला, छत्रीच्या काडीचा घोडा बसला, आणि माझी कणकेची परात ही कारखान्याची अवजारपेटी झाली. गोळी म्हणजे भिजवलेला वाटाणा, ओल्या हळदीत लोळवून; लागला की डाग पडावा म्हणून. ‘अ’चे सेनापती रंगनाथ यांनी देवळालीला रस्त्याकडेने जाताना खऱ्या जवानांच्या खांद्यावर बंदुका पाहिलेल्या. त्यांनी आपल्या बंदुकीला बुटाचं काळं पॉलिश चढवलं. ते सगळ्यांना इतकं आवडलं की पुढचा महिनाभर आमच्या संस्थेतले सगळे पुरुष नेम धरून धरून एक गाल काळा घेऊन ऑफिसला जात होते.

नियमावली वेणीमाधवरावांनी केली. नियम चौथा असा : “ज्यास गोळी लागेल त्याने स्वतः मोठ्याने ‘मला लागली’ असे म्हणून कट्ट्यावर बसावे.” नियम सातवा, गॅलरीतल्या बायकांसाठी : “प्रेक्षकांस गोळी लागत नाही. लागल्यास ती लागली नाही असे समजावे.” आणि शेवटी तळटीप, की निकाल लागेपर्यंत जैसे थे ठेवण्यात येईल. याचा अर्थ पहिल्या शनिवारी कळला. चावीला कुलूप लावून किल्ली लाखेच्या लखोट्यात बंद झाली. पाणी ‘अ’लाही नाही, ‘ब’लाही नाही. अन्याय कोणावरच झाला नाही.

पाणी आता कोपऱ्यावरच्या हापशावरून येऊ लागलं. म्हणजे धोंडाबाई आणू लागली. ती दोन्ही इमारतींत मिळून तेरा घरची धुणी करायची. तिसऱ्या मजल्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या आणि तिचे गुडघे सुजलेले. जिना चढायचा नाही, असं तिला डॉक्टरांनी बजावलं होतं; पण डॉक्टर तळमजल्यावर बसतात, त्यांना सांगायला सोपं जातं. “आजून एक म्हैना असं चाललं, तर मी नाय यायची, बाई,” असं ती मला एकदा म्हणाली. धमकी म्हणून नाही. बादली टेकवताना म्हणाली.

पहिल्या रविवारी तेरा जण लढले. चाळीस मिनिटं वाटाणे उडाले. कोणीही कट्ट्यावर बसलं नाही. रंगनाथभाऊंच्या कपाळावर पिवळा टिळा होता, तो म्हणे कुलदैवताचा भंडारा. वेणीमाधवरावांच्या धोतराला मागून लागलेला डाग जुना निघाला. आमच्या ह्यांनी सकाळी पिठलं सांडल्याचं सांगितलं. आमच्याकडे त्या दिवशी पोहे होते. इतिवृत्तात नोंद झाली : “युद्ध शांततेत पार पडले. एकूण मृत : शून्य.”

दुसऱ्या रविवारपासून अर्ज आला. गोळी लागल्याचा अर्ज, तीन प्रतींत, खाली लागलेल्या इसमाची सही. एकही अर्ज भरून आला नाही, म्हणून कोणालाही लागली नाही हे कागदोपत्री सिद्ध झालं. मग साक्षीदाराची दुरुस्ती झाली. पण समोरच्या इमारतीचा साक्षीदार हितसंबंधी ठरे आणि स्वतःच्या इमारतीचा नेमका त्याच क्षणी चष्मा पुसत असे.

तेव्हा तटस्थ निरीक्षक म्हणून गॅलरीतून पाहायला मला नेमलं. वही आणि पेन्सिल मिळाली. तिसऱ्या रविवारी माझ्या डोळ्यांदेखत ह्यांच्या खिशाखाली वाटाणा बसला. आवाजसुद्धा ऐकू आला. ह्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्याआधी असं त्यांनी दोनदाच पाहिलं होतं, एकदा लग्नात आणि एकदा माझी काचेची बरणी फुटली तेव्हा. मी वहीत लिहिलं : “मध्येच पोपट उडाल्याने दिसले नाही.” इंदिरानगरात तेव्हा पोपट पुष्कळ होते.

सोमवारी डागांची अधिकृत तपासणी ठेवली. तीही संध्याकाळी साडेपाचला, सगळे ऑफिसातून आल्यावर. सोमवारी सकाळी दोन्ही इमारतींच्या तारांवर सदरे, गंजिफ्रॉक आणि एक धोतर वाळत असायचं आणि त्यावर छातीला, पाठीला, पोटाला लालभडक ठिपके. दिवसभर वारा त्यांना सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायचा. कोणी वर पाहत नसे. आणि उन्हात हळद उडते. साडेपाचला समितीला सगळे कपडे स्वच्छ आढळत. त्या स्वच्छतेला दर घरामागे दोन बादल्या जास्त लागत होत्या.

चौथ्या रविवारी शस्त्रांचा दर्जा वाढला. रंगनाथभाऊंनी दिंडोरीच्या मेव्हण्याच्या मळ्यातून द्राक्षांवर फवारायचा जुना पंप आणला. तो एका दमात मूठभर वाटाणे फेकायचा. ‘ब’च्या सात जणांवर एकदम पिवळा पाऊस पडला आणि साती जण हवा छान सुटल्याचं म्हणाले. एक वाटाणा गॅलरीत आला, माझ्या निळ्या पातळावर, पदराजवळ. मी इकडेतिकडे पाहिलं. नियम सातवा आठवला. आत जाऊन पातळ बदललं आणि धुण्यात तळाशी ठेवलं.

पाचव्या रविवारी टाकीखाली निकालाची सभा भरली. वेणीमाधवरावांनी अहवाल वाचला. चार युद्धे, एकूण मृत शून्य, सबब दोन्ही संघ अजिंक्य. सबब निकाल नाही. सबब चावीचे कुलूप कायम ठेवावे. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. एकमेकांच्या शौर्याचा अभिनंदनाचा ठराव यायच्या बेतात होता.

तेवढ्यात धोंडाबाई हापशावरून दोन बादल्या घेऊन आली. वाटेत खुर्च्या होत्या. रंगनाथभाऊ आदराने म्हणाले, “मावशी, जरा मागून जा. सभा चाललीय.”

ती मागून गेली नाही. तिने बादल्या खाली ठेवल्या, एका हाताने टाकीचा खांब धरला आणि गुडघा सरळ केला.

“शून्य कसे, साहेब?” ती म्हणाली. “तुमचं धोतर, मागून, दोन येळा. रंगनाथभाऊंचा चट्ट्यापट्ट्याचा सदरा, तीन येळा. गंगाधरसाहेब, खिशाखाली, पयल्याच आइतवारी आन् नंतर परत. तेरा जनांची कापडं मी धुते. तेराच्या तेरा मेलेत.”

वेणीमाधवरावांनी नियमावलीची पानं पुढेमागे केली. धुणंवाल्या बाईची साक्ष धरू नये, असा नियम करायचा राहून गेला होता.

“आता कुलूप काढा,” धोंडाबाई म्हणाली. “मेलेल्या मानसाला पयली पाळी कशाला लागते?”

तेरा जण एका रांगेत, एक एक गाल काळा, आपापल्या सदऱ्याकडे असे पाहत होते की मला गॅलरीत हसू आवरेना. कठडा धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. आमच्या ह्यांचा हात तर नकळत खिशाखाली गेला होता.

धोंडाबाईने मान वर केली. “निळं पातळ, बाई. पदरापाशी. ते बी मीच धुतलंय.”

मी हसायची थांबले. मग कठड्यावरून वाकून तिला सांगितलं, की प्रेक्षकांना लागत नाही, तसा नियम आहे.

“लागतं,” ती म्हणाली. “बघनाऱ्यालाबी लागतं.”